दुखणार नाही, पण कळेल

ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर, हिरव्या पडद्याच्या आडोशाला, सकाळी साडेसातला एक स्ट्रेचर उभं होतं. त्यावर बसलेल्या मुलीच्या हातातल्या हिरव्या बांगड्या साबणाचा फेस लावून एकेक करून सरकवल्या जात होत्या आणि तिची आई त्या रुमालात गोळा करत होती. सातव्या महिन्यात ओटी भरताना भरलेला चुडा. 'काढ' हा शब्द त्या माउलीने तोंडातून येऊ दिला नाही, 'उतरव गं हळूच' एवढंच म्हणत राहिली. मंगळसूत्र, जोडवी, चमकी आधीच निघाली होती. शेवटची बांगडी रुमालात पडली, रुमालाला गाठ बसली आणि आई म्हणाली, "काही कळणार नाही बघ तुला. भूल देतात. डोळे मिटून पड, उघडशील तेव्हा बाळ हातात." मुलीने मान हलवली. पाऊण तासाने आत, टेबलावर, तीच मुलगी घाबऱ्या आवाजात सांगत होती, "डॉक्टर, मला कळतंय! सगळं कळतंय मला!" भूल उत्तम चढलेली होती. रक्तदाब ठीक, बाळ ठीक, वेळही ठरल्याप्रमाणे. चुकलं होतं ते दाराबाहेरचं वाक्य.

वाक्य मायेपोटीच आलं होतं, म्हणूनच ते डोक्यातून जात नाही. आपल्याकडे सीझरला निघालेल्या बाईला हेच सांगतात. आई सांगते, जाऊ सांगते, कधीकधी घाईतली सिस्टरही सांगते. आणि ते खोटं आहे. ठरवून केलेल्या बहुतेक सीझरमध्ये कमरेत इंजेक्शन देऊन फक्त खालचं अंग बधिर करतात. बाई जागी असते. तिला बोलणं ऐकू येतं, कात्र्या-चिमट्यांचा खणखणाट ऐकू येतो, रक्त-पाणी ओढून घेणाऱ्या सक्शनच्या नळीची सुरसुर ऐकू येते. पोटावर हात फिरतोय, काहीतरी ओढलं जातंय, छातीच्या खाली कुणीतरी दाबतंय, हे सगळं तिला कळतं.

दुखत नाही, पण कळतं.

या दोन क्रियापदांमधला फरक कुणी आधी समजावला असता, तर त्या मुलीची ती पाच मिनिटं वेगळी गेली असती. आपली भाषाही इथे जरा विचित्र वागते. एरवी आपण 'ती बाळंत झाली' म्हणतो, करणारी ती असते. सीझर असलं की 'तिचं सीझर केलं', 'बाळ काढलं' म्हणतो. वाक्यातून बाईच नाहीशी. कळा सोसल्या नाहीत म्हणजे तिने काही केलंच नाही, अशी समजूत त्या व्याकरणात बसलेली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या पाचव्या फेरीत देशातली २१.५ टक्के बाळंतपणं सीझरने झाल्याची नोंद आहे, खासगी दवाखान्यांत तर ४७.४ टक्के. त्यातली सगळीच गरजेची होती का, हा मोठा आणि रास्त प्रश्न आहे. पण तो टेबलावर झोपलेल्या बाईला विचारायचा नसतो. तिला आज काय होणार हे सांगायचं असतं.

ठरवलेलं सीझर म्हणजे कळा सुरू होण्याआधी तारीख घेऊन केलेलं. बाळ पायाळू असतं, म्हणजे डोकं वर आणि पाय किंवा ढुंगण खाली. वार खालीच रुजून गर्भपिशवीच्या तोंडावर बसलेली असते. आधीचं एक किंवा दोन सीझर असतात. जुळ्यांतलं पहिलंच बाळ आडवं असतं. (पायाळू माणसावर वीज पडते, त्याला जमिनीखालचं पाणी दिसतं, उसण भरली की त्याची लाथ घ्यावी, असं आजी सांगायची. आता बहुतेक पायाळू बाळं सीझरनेच येतात.) दुसरं काही कारण नसेल तर तारीख ३९ आठवडे पूर्ण झाल्यावरची द्यायची असते. पोटात बाळाच्या फुप्फुसांत पाणी भरलेलं असतं. ते शोषून घ्यायची तयारी शेवटच्या दिवसांत आणि कळांच्या वेळी होते. कळांशिवाय आणि लवकर काढलेलं बाळ म्हणूनच कधीकधी धापा टाकत श्वास घेतं आणि दोन दिवस काचेत ठेवावं लागतं. मुहूर्त बघणाऱ्या घरांना एवढंच सांगावंसं वाटतं: ३९ आठवडे झाल्यानंतरचा वार आणि वेळ खुशाल निवडा. पण गुरुपुष्य साधायला किंवा मूळ नक्षत्र टाळायला ३७व्या आठवड्यात तारीख मागू नका. तो मुहूर्त पत्रिकेत शुभ असेल, पण श्वास बाळाला घ्यायचा असतो.

आदल्या दिवशीची तयारी तशी थोडी. हिमोग्लोबिन, रक्तगट, रक्ताची पिशवी जुळवून ठेवणं, भूलतज्ज्ञांची भेट. या भेटीत दम्याचा पंप, थायरॉइडची गोळी, रक्त पातळ होण्याची गोळी, एखाद्या औषधाची ॲलर्जी, हलणारा दात, मागच्या ऑपरेशनला झालेला त्रास, सगळं सांगावं. सकाळची कोणती गोळी घ्यायची आणि कोणती नाही हेही तेव्हाच विचारून घ्यावं. उपाशी राहायचं म्हणजे जेवण ६ तास आधी थांबवायचं आणि साधं पाणी २ तास आधी. दुधाचा चहा जेवणातच धरायचा, पाण्यात नाही, आणि इथेच गडबड होते. 'घोटभरच दिला' म्हणत आई पहाटे साडेपाचला थर्मासमधला चहा देते आणि साडेआठचं ऑपरेशन दुपारवर जातं. उलट टोकही वाईट. रात्री दहापासून पाण्याचा थेंब नाही आणि नंबर लागतो दुपारी बाराला, तोवर बाईचे ओठ सुकलेले, डोकं भणभणलेलं. माझा नंबर कितवा, पाणी कधीपर्यंत चालेल, हे विचारण्यात काही गैर नाही. घरी ब्लेडने केस काढू नयेत. ब्लेडच्या बारीक ओरखड्यांतून जंतू शिरतात, लागलंच तर दवाखान्यात मशीनने केस कापतात. हातावर मेंदी आणि नखांवर पॉलिश नसलेली बरी, कारण बोटाला लावायचा ऑक्सिजनचा चिमटा त्यातून नीट वाचू शकत नाही. धातूचे दागिने उतरवतात कारण रक्त थांबवायला विजेवर चालणारी कॉटरी वापरतात आणि धातूपाशी कातडी भाजू शकते. काचेची बांगडी सलाईनच्या आड येते, फुटली तर टोचते. एवढंच कारण. ते सांगितलं तर रुमालाची गाठ मारताना आईचा हात कमी थरथरेल.

थिएटर गार असतं. अंगावर मागून बांधायचा सैल गाऊन, हातात हिरव्या टोकाची सुई, तिला सलाईन. अँटिबायोटिकचं इंजेक्शन काप घेण्याआधीच्या तासाभरात देतात, शिवाय पोटातलं आम्ल कमी करायचं औषध. मग टेबलाच्या कडेला पाय सोडून बसवतात आणि सांगतात, हनुवटी छातीला लावा, खांदे सैल सोडा, पाठ मांजरीसारखी बाहेर काढा. नऊ महिन्यांचं पोट मध्ये असताना हे बाक काढणं सोपं नसतं. सिस्टर समोर उभी राहून खांदे धरते, तिच्या अंगावर रेलायला हरकत नसते. भूलतज्ज्ञ कमरेची दोन्ही हाडं चाचपतात. त्यांना जोडणारी रेष साधारण कमरेच्या चौथ्या मणक्याशी येते, आणि सुई त्याच्या आसपासच्या फटीतून जाते. मज्जारज्जू त्याच्या बराच वर, कमरेच्याच पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपलेला असतो. 'पाठीच्या कण्यात सुई' ऐकून जी धडकी भरते तिला हे उत्तर आहे: सुई जिथे जाते तिथे मज्जारज्जू नसतो, पाण्यात सुटे तरंगणारे नसांचे धागे असतात. आधी स्पिरिटचा गार फटकारा, मग कातडी बधिर करायच्या औषधाची चुरचूर. खरी सुई केसासारखी बारीक असते, तिचा टोचा कमी आणि दाब जास्त जाणवतो. मध्येच एका पायात झिणझिणी गेली तर हलू नये, 'उजव्या पायात गेली' असं तोंडाने सांगावं. तेवढ्यावरून सुईची दिशा बदलता येते.

औषध जेमतेम २ मिली. चमच्याच्या तळाला राहील एवढं.

त्या दोन मिलींत कंबर, ओटीपोट, पाय सगळं शांत होतं. आधी पाय कोमट होतात, मुंग्या येतात, मग जड होतात. पाच-दहा मिनिटांत ते आपले वाटेनासे होतात. औषध साखर मिसळून पाण्यापेक्षा जड केलेलं असतं, त्यामुळे ते आतल्या पाण्यात ठरल्याप्रमाणे पसरतं आणि टेबलाचा उतार बदलून भूल किती वर चढावी हे सांभाळता येतं. ती छातीच्या मध्यापर्यंत चढलेली लागते. तपासायला बर्फ किंवा स्पिरिटचा बोळा आधी खांद्याला लावतात, मग पोटाला, आणि विचारतात, 'गार लागतंय का?' खांद्याला गार, पोटाला नुसता ओला स्पर्श. नेमका हाच क्षण समजावण्याचा असतो. गारवा आणि वेदना नेणाऱ्या नसा बारीक असतात, त्या लवकर आणि पुऱ्या झोपतात. स्पर्श आणि दाब नेणाऱ्या जाड नसा अर्धवट जाग्या राहतात. शिवाय पोटातल्या अवयवांची ओढ मेंदूला कळवणारी एक नस थेट डोक्यातून खाली उतरते, ती कमरेच्या भुलीच्या हद्दीत येतच नाही. बोळा हातात असतानाच सिस्टर म्हणाली की 'बघा ताई, हात लावलेला कळला ना, पण गार लागलं नाही? आता पुढेही असंच होणार', तर पुढची भीती निम्मी होते.

याच दहा मिनिटांत रक्तदाब उतरू शकतो. एकदम मळमळतं, जांभया येतात, घाम फुटतो, आवाज लांबून आल्यासारखे वाटतात. लगेच सांगावं. सलाईनमधून औषध दिलं की एक-दोन मिनिटांत बरं वाटतं. उताणं झोपल्यावर गर्भपिशवी मोठ्या रक्तवाहिनीवर दाबली जाते म्हणून उजव्या कुल्ह्याखाली उशी देऊन डावीकडे कलतं ठेवतात. श्वास चालू असतो, पण छातीचा खालचा भाग बधिर झाल्याने तो आपल्याला जाणवत नाही आणि गुदमरल्यासारखं वाटतं. बोलता येतंय आणि कुणाचा हात घट्ट दाबता येतोय, म्हणजे श्वास पुरेसा आहे. लघवीची नळी भूल चढल्यावर घालतात, तेव्हा ती घालताना कळत नाही. आधीच घालायला निघाले तर 'भूल दिल्यावर घाला' असं म्हणायची मुभा बाईला असायला हवी.

छातीपाशी कापडाचा पडदा लागतो. चिमट्याने पोट चिमटून बघतात, ती तपासणी असते. काप आडवा, जांघेच्या केसांच्या रेषेशी, वीतभराहून कमीच. हेर्मान योहान्नेस फानेनश्टील या जर्मन डॉक्टरांनी १९०० साली वर्णन केलेला हा काप आज सगळीकडे रूढ आहे, कारण तो साडीच्या निऱ्यांखाली झाकतो आणि उभ्या कापापेक्षा घट्ट भरून येतो. कातडी, चरबी, मग पांढरा चिवट पडदा. त्याखालचे पोटाचे स्नायू कापत नाहीत, मधल्या रेषेवर दोन बोटांनी बाजूला ओढतात. पहिली ओढ कळते ती ही. टेबलावर अख्खं अंग हलल्यासारखं वाटतं. मग पोटाचं अस्तर, त्याखाली गर्भपिशवी, आणि तिच्या खालच्या पातळ भागावर आडवा छेद. पाणी फुटतं, सक्शन घशात घोट अडकल्यासारखा आवाज करतं. आणि मग कुणीतरी बरगड्यांच्या खाली दोन्ही हातांनी दाबतं, कारण बाळाला खालून ढकलायला कळा नसतात. ती ढकल वरून द्यावी लागते. छातीवर कुणी बसल्यासारखं अर्धा-एक मिनिट वाटतं, श्वास अर्ध्यावर थांबतो. ओरडली ती मुलगी याच क्षणी.

मात्र दाब आणि ओढ सोडून खरोखर दुखायला लागलं, तीक्ष्ण, जळजळीत, तर 'दुखतंय' हाच शब्द वापरावा, आणि समोरच्यांनी तो खरा मानावा. 'थोडं सहन करा, झालंच आता' हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही. औषध वाढवता येतं, आणि तेवढ्याने भागलं नाही तर पूर्ण भूल देता येते. कळतंय आणि दुखतंय यातला फरक बाईला आधी शिकवावा तो याचसाठी, की दुखतंय असं ती म्हणेल तेव्हा कुणाला शंका राहू नये.

काप घेतल्यापासून पाच-दहा मिनिटांत बाळ बाहेर येतं. बाळ नीट श्वास घेत असेल आणि आईची तब्येत ठीक असेल तर नाळ निदान १ मिनिट थांबून कापावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेवढ्या वेळात वारेतलं रक्त बाळाला मिळतं आणि पुढचे काही महिने त्याच्या अंगात लोह टिकतं. बाळ लगेच रडलं नाही तर काळीज थांबतं खरं, पण फुप्फुसातलं पाणी निघेपर्यंत काही सेकंद जाऊ शकतात. मग ते पडद्याच्या वरून दाखवतात, निळसर-गुलाबी, पांढऱ्या लेपाने माखलेलं, आणि विचारतात, 'बघा ताई, काय झालं?' आपल्याकडे लिंग आधी सांगणं १९९४च्या कायद्याने बंद आहे, त्यामुळे हा प्रश्न खराखुरा असतो, आणि तिच्याच तोंडून उत्तर वदवून नोंद करतात. मनगटाला पट्टी, पावलाला शाई, कागदावर ठसा. बाळाला कोरडं करून तिथेच तिच्या छातीवर ठेवता येतं, फक्त ते आधी बोलून ठेवावं लागतं. एरवी वॉर्डातल्या मावशी दुपट्यात गुंडाळून बाळ बाहेर घेऊन जातात, व्हरांड्यात पेढे निघतात, फोन लागतात. आत तिला तिचं बाळ दोन सेकंद दिसलेलं असतं.

आणि ऑपरेशनचा मोठा भाग तर पुढेच असतो.

हे कुणी सांगत नाही. बाळ दहा मिनिटांत, टाके अर्धा-पाऊण तास. गर्भपिशवी आवळायचं औषध देतात, वार निघते. पिशवी शिवताना मळमळतं, कधी खांदा दुखतो. खांद्याला काही झालेलं नसतं, छाती आणि पोटामधल्या पडद्याला चाळवलं की त्याची कळ खांद्यात उठते. दात वाजेपर्यंत थंडी वाजते, खालचं अंग बधिर आणि वरचं थडथडतं. ती भुलीची थंडी असते, ताप नसतो. ऊबदार कापड मागावं, मिळतं. पोट बंद करायच्या आधी मॉप, म्हणजे रक्त टिपायची कापडं, मोजतात, मोठ्याने, एक, दोन, तीन, चार, पाच, ट्रेमधल्या सुया आणि चिमटेही. आकडा फळ्यावरच्या आकड्याशी जुळेपर्यंत सगळे थांबतात. ती मोजणी पडद्याअलीकडून ऐकायला विलक्षण वाटते. जुन्या काळी गर्भपिशवी शिवतच नसत, आपोआप मिटेल म्हणून तशीच सोडत, आणि बहुतेक बाया रक्त जाऊन किंवा जंतू होऊन दगावत. १८८२ मध्ये लाइपझिगच्या माक्स झेंगर यांनी चांदीच्या तारेने आणि रेशमाने पिशवी नीट शिवून दाखवली आणि तिथून चित्र पालटायला लागलं. आज विरघळणारा दोरा असतो. बाळाच्या कौतुकात सगळे बाहेर गेलेले असतात तेव्हा चाललेलं हे शिवणकाम बाईचा जीव राखतं.

पाय परत यायला दोन-चार तास लागतात, आधी बोटं हलतात. पाय येतात तसे टाकेही जागे होतात, म्हणून दुखण्याचं औषध कळ उठायची वाट न बघता घड्याळाप्रमाणे घ्यावं. पाणी काही तासांतच मिळतं, आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी नळी काढून उठवतात. पहिलं उठणं सगळ्यांत अवघड. सरळ उठू नये. कुशीवर वळावं, पाय खाली सोडावेत, कोपरावर जोर देऊन बसावं, दोन मिनिटं तसंच थांबावं, मग कुणाला तरी धरून उभं राहावं. उभं राहताच खालून रक्ताचा लोंढा येतो आणि नवखी बाई हादरते. सीझर झालं म्हणजे अंगावरून जाणार नाही असं तिला वाटत असतं. वार जिथे चिकटलेली होती ती जखम दोन्ही बाळंतपणांत सारखीच, चार-सहा आठवडे जातंच. पण तासाला एक पॅड भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, ताप किंवा घाण वास असेल, किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल, तर थांबू नये. खोकला आला की उशी पोटाशी दाबून धरावी. गॅस धरतो तेव्हा टाक्यांपेक्षा जास्त दुखतं, आणि त्यावर चार फेऱ्या मारण्याइतकं चांगलं औषध नाही.

उशी न घेता चोवीस तास उताणं पडायची सक्ती अजूनही काही ठिकाणी होते. त्याने डोकेदुखी टळत नाही. ती सुईच्या छिद्रातून पाणी झिरपल्याने होते, बसलं की उठते, आडवं झालं की थांबते. १८९८ मध्ये कील इथे कमरेतल्या भुलीचा पहिला प्रयोग करणाऱ्या ऑगस्ट बिअर यांनी सुई स्वतःवर टोचून घेतली आणि त्यांनाही ही डोकेदुखी झाली होती. आजच्या बोथट टोकाच्या बारीक सुयांनी ती क्वचित होते, झालीच तर उपाय आहे, फक्त 'जागरणाचं डोकं' म्हणून अंगावर काढू नये. दूध भरून यायला एखादा दिवस जास्त लागू शकतो. चीक मात्र पहिल्या तासापासून असतो, आणि थेंब-थेंब दिसला तरी बाळाला तेवढा पुरतो.

घरी गेल्यावर भात खाल्ला तर टाके पिकतात, वरणाने पू होतो, पाणी प्यायलं तर पोट सुटतं, असं एकेक निघतं. टाके पिकतात ते जंतूंनी, ओलाव्याने, आटोक्यात नसलेल्या साखरेने. जखम भरायला वरण, अंडी, दूध, पालेभाजी लागते, दूध यायला पाणी लागतं. डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर खुशाल खावी, बरोबर पाणीही भरपूर प्यावं, नाहीतर शौचाला कुंथताना टाके ओढतात. शेक-शेगडीचं मात्र ऐकू नये. टाक्यांभोवतीची कातडी कित्येक महिने बधिर असते, चटका बसला तरी कळत नाही. इथे 'कळणार नाही' हे वाक्य खरं ठरतं, आणि तेच धोक्याचं असतं.

पाचव्या दिवशी डिस्चार्ज कार्ड मिळतं. त्यावरचा 'एलएससीएस' हा शब्द सांगतो की गर्भपिशवीवरचा छेद खालच्या भागात आडवा आहे. कातडीवरच्या खुणेवरून आतला छेद ओळखता येत नाही. पुढच्या वेळी नैसर्गिक बाळंतपणाचा प्रयत्न करायचा की नाही, हे बरंचसं त्या एका ओळीवर ठरतं, म्हणून त्या कार्डाच्या दोन झेरॉक्स काढाव्यात. एक माहेरी, एक सासरी.

त्या मुलीची आई कार्ड पिशवीत ठेवत होती. मग तिने कमरेची गाठ सोडून रुमाल काढला. सलाईनच्या पाण्याने मुलीचे हात अजून सुजलेले होते, बांगडी मुठीच्या हाडापाशीच अडली. "राहू दे, आठवड्यात सूज उतरेल," मुलगी म्हणाली. आईने बांगडी परत ठेवली आणि हळूच विचारलं, "काही कळलं का गं तेव्हा?"

"सगळं कळलं," ती म्हणाली. "दुखलं नाही. ताईच्या वेळी तिला हे सांग."